चूडी किती काटायची

अर्जुनी मोरगाव
मंगळवार

तीर्थस्वरूप गजेंद्र भाऊजींना उमरावचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. शामकलाबाईला (आधी माझी मोठी बहीण, मग तुमची बायको) सांगावं की इकडे सारे धडधाकट आहेत आणि भावाची तब्येतही छान आहे, उजव्या हाताचा अंगठा सोडून. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर एक, फोनवर तुम्ही निम्म्यातच हसू लागता. आणि दुसरं, हा सगळा घोटाळा तोंडानं बोललेल्या एका शब्दाचाच आहे, तो लिहूनच सांगितलेला बरा. मागणं काही नाही. हकीकत तेवढी कळावी.

तुम्ही आमच्या डिंपलसाठी शालीकरामांच्या पीयूषचं स्थळ आणलंत, आणि पाहुणे रविवारी येणार असं ठरलं. मी म्हटलं, एवढी शहरातली माणसं हात धुवायला रांजणापाशी वाकणार, हे काही शोभत नाही. अंगणात बेसिन लावू आणि टाकीपासून लोखंडी पाईप आणू. (डिंपल म्हणत होती, प्लास्टिकचा घ्या, त्याला आटे पाडावे लागत नाहीत. पण लेकीचं ऐकून पाईप घ्यायचा तर बाप कशाला झालो?) आपण कोहळी माणसं. आज्या-पणज्यांनी तलाव बांधले, शेतांसाठी छोट्या बोड्या बांधल्या, मातीच्या पाळीतून थेंब झिरपू दिला नाही. त्यांच्या नातवाला अर्ध्या इंचाच्या पाईपासाठी मिस्त्री लावावा लागला तर ते वरून बघून काय म्हणतील? म्हणून मुन्नालाल मिस्त्रीकडून आटे पाडायची डाय तेवढी मागून आणली. मिस्त्री तिथंच ठेवला.

आता ही विद्या काय आहे ते सांगतो, कारण पुढं लागेल. बोल्टाचे आटे सरळ असतात, नट फिरवत जा, तो जात राहतो. पाईपाचे आटे गाजरासारखे निमुळते, तोंडाशी बारीक आणि मागे जाड. म्हणून एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, हातानं तीन-चार आटे जावा, मग पान्यानं दोनेक, आणि तिथं असा गच्च बसावा की पाण्यानं वाट विचारू नये. सगळी मेख डाय कुठं थांबवायची यात आहे. कमी फिरवली तर एल्बो टोकाला नुसता लटकतो. जास्त फिरवली तर बारीक भाग लांबत जातो आणि एल्बो हातानंच गळ्यापर्यंत जाऊन बसतो, घट्ट म्हणून होत नाही. हे मला आता कळलं. तेव्हा माझा हिशोब सोपा होता: जितके जास्त आटे तितकं पक्कं. तेल ओतत ओतत चांगली वीतभर डाय फिरवली. एल्बो सुळ्ळकन आत गेला. डिंपलची आई चंद्रकांता म्हणाली, छान गेला. पाणी सोडलं, तेही छान बाहेर आलं. धागा आणि सफेदा इतका थापला की जोडाला पागोटं बांधल्यासारखं दिसू लागलं, तरी गळायचं ते गळतच राहिलं. मग तेवढं टोक कापून टाकलं आणि दुसऱ्यांदा भीत भीत आटे पाडले, तर दोनच धरले, आणि शनिवारी नळ उडून शेजारच्या सुकरामच्या कोंबड्यांत पडला. त्याच रात्री तिसऱ्यांदा पाडले. दर वेळी पाईप आखूड. जितका पाईप आखूड, तितकं बेसिन भिंतीकडे. असं सरकत सरकत ते बैठकीच्या खिडकीखाली आलं.

रविवारी पाहुणे येऊन बसले आणि त्याच वेळी जोडातून धार लागली. गुपचूप मुन्नालालला बोलावलं. आम्ही दोघं खिडकीखाली उकिडवे बसलो. आत पीयूषची आई डिंपलचा हात हातात घेऊन बसली होती. मुलगी पसंत पडली की लगेच भरता याव्यात म्हणून त्यांनी हिरव्या बांगड्या सोबतच आणल्या होत्या. त्या बाई खास गोंदियातल्या, घरात सगळा कारभार हिंदीत. आणि हिंदीत बांगडीला चूड़ी म्हणतात आणि पाईपाच्या आट्यांनाही चूड़ीच म्हणतात. मुन्नालाल तर दुसरा शब्द जाणतच नाही. त्यानं एल्बो हातानं फिरवून पाहिला आणि म्हणाला (त्याचा आवाज तुम्हाला माहीत आहे, तो कुजबुजला तरी स्टेशनापर्यंत ऐकू जातो), "ये चूड़ी तो बेकार हो गई। कितनी बार काटी?"

मी म्हटलं, "दोनदा काटून झाली. हे तिसऱ्यांदा होय."

"दो बार बिगाड़ के अब हमारे गले डाल रहे? पहले बताना था ना।"

मला राग आला. मी मोठ्यानं म्हटलं, "पहिले सांगतलं असतं तं तू आला असता का?"

आतलं बोलणं बंद झालं. मला वाटलं, आमचं काम ऐकून पाहुणे प्रभावित झाले. चंद्रकांतानं मग सांगितलं की बाईंनी डिंपलचा हात हळूच तिच्या मांडीवर ठेवला, बांगड्या पर्समध्ये टाकल्या, आणि "सोच के बताएँगे" म्हणून सगळे उठले. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. इकडे मुन्नालालनं टोक कापून नव्यानं आटे पाडले, पाईपाचं तोंड डायच्या कडेला बरोबर लागलं तिथं थांबला, चार हातानं, दोन पान्यानं, आणि जोड कोरडा ठणठणीत. पाहुणे मात्र हात न धुताच गेले. आणि आतलं एवढं सांगितल्यापासून चंद्रकांता माझ्याशी बोलत नाही. लहानांना आशीर्वाद, शामकलाबाईला नमस्कार.

आपला,
उमराव

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलं, ते तुमच्या गुडघ्याकडे पाहून. खरं म्हणजे तुम्ही ताबडतोब शालीकरामांकडे जावं. तुमच्याकडे आमगावला येणाऱ्या माणसाबरोबर हे पत्र, पाईपाचा तुकडा आणि एल्बो पाठवतो. ते बाईंच्या हाती द्यावं, त्यांना फिरवायला लावावं आणि सांगावं की चूड़ी ती ही. बांगड्या भरून दोनदा लग्न मोडलं असं बाईंना वाटलं, पण डिंपलचं कुठं जुळलं नव्हतं की मोडलं नव्हतं. माझ्या अकलेचा डाग पोरीच्या नावावर राहिला तर मला अन्न गोड लागणार नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवायला डिंपलला दिलं, तर तिनं आधी वाचलं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की दुसऱ्या वेळी पाईप तिनंच धरला होता. चूडी म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. रविवारी ती तिथंच बसली होती, एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. मी विचारलं, काऊन नाही सांगितलं? ती म्हणाली, "बाबा, नर्सिंगचं एक वर्स बाकी आहे. मले आता लगन कराचंच नाही. पर मले इचारलं कोनं?" खरंच कोणी विचारलं नव्हतं. मी नाही, तिच्या आईनं नाही, तुम्हीही नाही. फार वाईट वाटलं, भाऊजी. तेव्हा शालीकरामांकडे जाऊ नका. पण पत्र शेवटपर्यंत न वाचता उठायची तुमची सवय मला माहीत आहे. वरचं वाचून गेलाच असाल आणि बाईंनी विचारलंच, तर उमरावचा निरोप म्हणून सांगा: दोनदा नाही, तीनदा काटली.