काकांचे वायांग आणि चाळीस जीबीचा स्वॅप

चि. प्रस्तोवो यास,

क्लातेनहून थोरल्या मावशीचे आशीर्वाद. तुझी दाढ दुखायची थांबली का? (नसेल तर उपटून टाक, लाड नकोत.) इकडे मी ठीक, छापखाना ठीक. तुझे काका मात्र शनिवारपासून बहिणीकडे जाऊन बसलेत, परत यायचं नाव नाही. आणि हे सगळं तुझ्यामुळं.

हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर जोडप्याचा फोटो टाकायला गेलं की कंप्युटर गपगार. तू फोनवर म्हणालास, "मावशी, मेमरी कमी पडतेय. डिस्कवरची चार जीबी जागा स्वॅपला काढून दे, तो मेमरीच्या मदतीला येईल." बरं. पण डिस्कवर जागा कुठं होती? सगळी काकांच्या वायांगनी अडवलेली! चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळांचे एकतीस व्हिडिओ, एकेक रात्रभराचा. (हे तासाभरात घोरायला लागतात.) उडवले सगळे. आणि चिंधीपणा कशाला, म्हणून स्वॅपला चारऐवजी चाळीस दिले. आता फोटो उघडतो. तोवर माझे तांदूळ निवडून होतात, पण उघडतो.

शनिवारी नेहमीसारखे शेजारचे चौघं उकडलेल्या शेंगा घेऊन कंप्युटरपुढं चटईवर बसले. काका म्हणाले, "अगं, माझे खेळ कुठायत?"

"गेले. तिथं आता स्वॅप आहे."

"मग त्या स्वॅपलाच सांग तुझ्या पत्रिका दुमडायला!" चपला घालून चालते झाले. शेजारचे सार्जोनो तेवढे शेंगा सोलत बसून राहिले. "वहिनी, हा स्वॅप किती वाजता सुरू होतो?" मी हाकलून दिलं.

मला काही फरक पडत नाही. घर कसं शांत आहे.

तुझी मावशी,
वाकिनेम

ता.क. गेल्या ईदला तू ते सगळे खेळ तुझ्या डिस्कवर उतरवून नेलेस, मी बघितलंय. येत्या बसनं पाठव. मी मागितले म्हणून काकांना कळवू नकोस.

आणखी ता.क. ते ठेवायला इथं जागा नाही. स्वॅप काढायचा कसा, ते एका ओळीत लिही. हेडमास्तरांची पत्रिका बिनफोटोची जाईल. फोटोत नवऱ्यामुलानं तसेही डोळे मिटलेत.

शेवटचं. राजपुत्र समुद्रात उतरतो तो खेळ मी पत्रिका दुमडताना तिथवर ऐकला होता. पुढं बुडाला का वाचला? फोन करून सांग. काकांना विचारलं तर महिनाभर मिशा पिळत फिरतील.