नि.चे बंद टॅब

२ फेब्रुवारी, सोमवार
चहाला गेले तेवढ्यात झालं. माझ्या कॉम्प्युटरवर नेहमीसारखे पंचवीस-तीस टॅब उघडे. पुण्याच्या मुलाखतीचा मेल अगदी समोर. परत आले तर शेजारच्या टेबलावरचा नितीन माझ्या खुर्चीमागे, हातात मोबाइल. "चार्जर शोधत होतो गं." मी मूर्ख, ड्रॉवरमधून काढून दिला.

३ फेब्रुवारी, मंगळवार
नाशिकजवळच्या पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाउसचं इन्चार्जपद नितीनला. मला मिळणार होतं. साहेबांनी मोबाइलवर फोटो दाखवला, माझ्याच स्क्रीनचा. "तुम्ही पुण्याला निघालात मॅडम. मग इथलं कशाला?"
यापुढे त्याचं पूर्ण नाव लिहायचं नाही. नि. पुरे.
आई म्हणाली, सोड ना. नाही सोडणार.

४ फेब्रु., बुध.
दिवसभर नि.वर नजर. कुणी मागे आलं की झटकन विंडो खाली. उठताना सगळं बंद, स्क्रीन कोरी. काय झाकतो एवढं?
बंद केलेले टॅब कंट्रोल-शिफ्ट-टी दाबलं की परत येतात. त्याला ठाऊक नसावं.

५ फेब्रु., गुरु.
बागायतदारांची मीटिंग. नि.चा कॉम्प्युटर मोठ्या पडद्याला जोडलेला. तो पुढे उभा राहून बोलणार, म्हणून मला हुकूम, "वृषाली, रेटचा तक्ता उघड जरा."
उघडला. मग दाबलं. क्रिकेट. पुन्हा दाबलं. जुनी बुलेट विकणे आहे. पुन्हा. पुण्याची तीच कंपनी, तीच जागा! 'नितीनजी, मुलाखतीला शनिवारी यावे.' म्हणजे माझा मेल बघून ह्याने स्वतःच अर्ज टाकला...
सायखेड्याचे एक काका मोठ्याने वाचायला लागले, "आरं, हा बी चालला का काय?" साहेब उठून बाहेर. नि. पांढराफटक.
"सॉरी हं, चुकून दाबलं गेलं."
येताना मिसळ खाल्ली. एकटीने, जादा तर्री घेऊन.

६ फेब्रु., शुक्र.
इन्चार्जपद साहेबांच्या भाच्याला. जेवणाच्या सुट्टीत नि. आला. "तुला काय मिळालं यातून?"
"तुला नाही मिळालं ना? बास."
डबा मात्र अर्धा तसाच परत आणला.

७ फेब्रु., शनि.
पुणे. बाहेरच्या खोलीत नि. आधीच हजर, कडक इस्त्रीत. रिकामी खुर्ची एकच, तिच्यावर त्याची बॅग. मला बघून बॅग मांडीवर घेतली. "बस." मी भिंतीशी उभी राहिले.
दारातून एक बाई डोकावल्या. "नाशिकचं कोण?"
दोघंही एकदम पुढे झालो.