चूळ भरून दिलेली लाळ

धाकटे, अनेक आशीर्वाद.

तुला एक थोरली बहीण आहे हे बहुतेक विसरलीस. आठवत नसेल तर आरशात बघ. ते नाक आधी माझं होतं, मग तुला मिळालं. तुझा खोकला, गुडघे आणि सून (याच क्रमाने) कसे आहेत? माझं बरं चाललंय. मी सांगतेय, नात लिहितेय. मला वाचता येत नाही म्हणून तिने मधेच स्वतःचं घुसडलं, तर ते शहाण्यासारखं वाटेल, त्यावरून ओळख.

ही पोरगी प्रयोगशाळेत काय करते ते आत्ता कुठे कळलं. आपल्या पेशींच्या बाहेर, म्हणजे लाळेत, शेंबडात, अश्रूंत प्रथिनं असतात. ती विषाणूंना अडवतात की वाट देतात, ते ती बघते. (मला प्रथिनं अंड्यातली तेवढी ठाऊक.) तिला म्हाताऱ्या माणसांची सकाळची लाळ हवी होती, चूळ भरायच्या आधीची. बजावून सांगितलं होतं. पण तूच सांग, चार शिकलेली माणसं बघणार, त्यांच्यापुढे पारोशी लाळ कशी पाठवायची? मी मिठाच्या पाण्याने खळाखळा चुळा भरल्या, घसा खरवडून साफ केला आणि मग नळीत थुंकले. पाहुण्यांपुढे ठेवावी अशी लाळ.

तिकडे बशीत वाढवलेल्या पेशींवर तिने ती ओतली आणि वर विषाणू सोडले. ते सरळ आत शिरले, जसं काही आमंत्रणच होतं. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. आजीपाशी काही बचावच उरला नाही, असं समजून तिने मला खोलीत कोंडलं, जेवणाचं ताट दाराशी ठेवायला लागली. मग मात्र मी चुळांचं सांगितलं. नंतर पारोशी लाळ नेली, तर गुळाला मुंगळे चिकटावेत तसे विषाणू तिच्यातच अडकले. पेशींपर्यंत थोडेच पोचले.

तेव्हापासून विचार करतेय. जन्मभर घाण म्हणून जे थुंकलं, तो दारात खुर्ची टाकून बसलेला म्हातारा होता. कामाचा दिसत नाही, पण येईल त्याला ‘कुणाकडे आलात?’ विचारत खोळंबून ठेवतो. नात म्हणते, हुरळू नकोस, काही जिवाणू अशाच प्रथिनांना धरून आत चढतात. म्हणजे म्हातारा कधी चोरालाही बसायला खुर्ची देतो. (चुळा भरायच्या नाहीत, असा याचा अर्थ नाही. – नात) बघ, घुसडलंच.

सांगायचं ते हे. न्यूमोनियातून उठल्यापासून तू उंबरा ओलांडला नाहीस. दाराची कडी उकळत्या पाण्याने धुतेस, नातवंडांना काचेतून हात करतेस. तुला वाटतं, आपण अगदी उघड्या पडलोय. तेवढी उघडी नाहीस गं. पुरती राखलेलीही नाहीस, पण तशी मीही नाही. डॉक्टरांनी तुला हिंडायला कधीच परवानगी दिलीय. तुझ्या सुनेनेच सांगितलं.

तुझी थोरली (खाली अंगठा)

ता. क. वरचं शास्त्र सगळं नातीचं. माझं म्हणणं एवढंच, की तुझ्याशी भांडल्याशिवाय मला करमत नाही.

आणखी एक ता. क. भोपळ्याचं सूप पाठव, मिरी जास्त घालून. माझ्या हातात पडेल तेव्हा वाफ निघत असली पाहिजे. डबा कुणी आणायचा ते तुझं तू ठरव. सुनेच्या हाती आला तर परत पाठवीन.