तीन दिस अंगावर पाजायचं न्हाई

आये, तुला पत्र लिहायचं म्हणजे माझा येडेपणाच. तुला वाचता येत नव्हतं, आणि वेल्ह्याच्या त्या ओढ्याकाठी आता तुझी राखही उरली नसेल. पण दोन-चार दिवसांत तुझ्या सुनेचं बाळंतपण माझ्या हातून व्हायचंय. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझा हात धड चालायचा नाही.

मी आता भोरला दवाखान्यात सुईणकाम करते. पुण्याला शिकायला गेले, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर गर्भाच्या पिशवीचं चित्र काढलं होतं. बाळामागून वार पडली की आतल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद करायला पिशवीचं मांसच आवळावं लागतं, पोत्याचं तोंड सुतळीनं आवळतात तसं. नाही आवळलं, तर काळीज ढकलेल तेवढं रक्त बाहेरच जातं. आणि अंगात रक्त असतं तरी केवढं, अर्धी कळशी भरायची नाही. ते कमी पडलं की काळीज जास्तच धावतं, हातपाय गार पडतात, तहान लागते, श्वास पुरत नाही. मी खाली मान घालून लिहून घेत होते. मग बाई म्हणाल्या, पोर लगेच छातीला लावा, ते चोखायला लागलं की पिशवी आवळते. तिथं माझं लिहिणं थांबलं.

भर दुपार आहे. मी अकरा वर्षांची. तू बाजेवर, बाळ माझ्या मांडीवर, आणि आत्या उंबऱ्यात बसलेली. तू म्हणतेस, "वन्सं, लई जातंय वो." आत्या म्हणते, "जाऊ दे की. नऊ म्हैन्यांची घाण हाय ती, आत ऱ्हायली तर मुरंल." सकाळपासून फडकी ओढ्यावर मीच धूत होते. तिसऱ्या खेपेला पाणी निवळेचना. तसं सांगितलं, तर आत्यानं मलाच झापलं. मेल्या त्या 'घाण' शब्दाचा मला अजून संताप येतो. तुझं चांगलं रक्त होतं ते, सगळं चांगलं रक्त.

मग आत्या चुलीकडं गेली. तू हात पुढं केलास. "दे गं त्याला हिकडं. जरा छातीशी धरते." आणि मी शहाणी, म्हणाले, "न्हाई आये. तीन दिस अंगावर पाजायचं न्हाई. पहिल्या दुधाचा चीक बाधतोय." गुळाच्या पाण्यात बोळा बुडवून त्याच्या ओठांना लावत बसले. तू हात खाली घेतलास. दिवेलागणीच्या आत तू गेलीस.

एवढ्यानं तू वाचली असतीस का, ठाऊक नाही. नसतीसही. पण हे मनाला किती वेळा सांगू? आत्याला शिव्या द्याव्यात, तर तीच सगळ्यांत जास्त रडली होती. मी आजवर किती पोरं छातीला लावली, आये. दर वेळी मला तुझा हातच दिसतो, आणि काही म्हणता काही भरून निघत नाही.

काल तुझा लेक बायकोला घेऊन आला. घाबरलाय. म्हणाला, "अक्का, आये कशानं गेली गं?" मी म्हणाले, "तापानं." लहानपणापासून त्याला हेच सांगत आलेय. हा कागद माझ्या पेटीत कापसाच्या खाली ठेवते, आणि आज पहिल्यांदा पेटीला कुलूप लावते. त्याला मीच शाळेत घातलं, आये. त्याला वाचता येतं.