आंबेनळीला द्यायचा निरोप

आई, तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता मोठी झाले आहे. शहरात राहते, तिसऱ्या मजल्यावर. रविवारी इथली काही मंडळी आम्हाला जवळच्या टेकडीवर नेतात. झाडाला हात लावा, मनातलं बोला, निसर्गाशी तुटलेलं नातं जोडा, असं त्यांच्यातली एक मुलगी सांगते. मुलगी चांगली आहे. मी हात लावते आणि गप्प उभी राहते. ते रान तुला ओळखत नाही, त्याच्याशी काय बोलणार?

आंबेनळी घाटातल्या आपल्या कुडपणहून तुला डोलीत घालून खाली आणलं, कारण वर गाडी येत नव्हती. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, आता डोंगर विसरा. महाडला मी शाळेत शिकवत होते. माझ्या खोलीत तुझी खाट खिडकीशी लावली, पण खिडकीतून समोरचे पत्रेच दिसत. तू कुरकुर केली नाहीस. फक्त रोज विचारायचीस, करवंदी फुलली असेल का. आणि मग, एकदा वर ने गो. बरी हो, नेते, असं मी म्हणायचे. नेता येणार नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

शेवटी मी एकटीच निघाले. पोलादपूरहून गाडी बदलून आंबेनळी घाटात उतरले. रानाच्या कडेला थांबून तू जन्मभर विचारत आलीस, ‘येऊ काय गो बाय?’ शेजारणीच्या दारात उभं राहून विचारावं तसं. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, मी पुढे निघून जायचे. त्या दिवशी मी मोठ्याने विचारलं. रस्त्याच्या कामावरची एक बाई कठड्यावर भाकरी खात बसली होती. कोणाला हाका मारताय, असं तिने विचारलं. आईच्या मैत्रिणीला, मी म्हटलं.

“मंग जरा जोरात मारा बाई. म्हातारी झाली असंल, ऐकू येत नसंल.”

संध्याकाळी मी करवंदीची फुललेली फांदी तुझ्या हातात दिली. काटे होते, चीक होता, तरी तू ती छातीशी धरलीस. वास नंतर घेतलास. आधी विचारलंस, “इचारून आनलीस?” मी हो म्हटलं. “काय बोलली गो ती?”

मी वर्गात कधी मनचं रचून सांगितलं नाही. तुला सांगितलं, वाट बघतेय म्हणाली.

तू पत्र्यांकडे पाहत राहिलीस. मी दिवा लावायला उठले, तेव्हा म्हणालीस, “तिला सांग, आता नाय जमत.”

त्याच आठवड्यात तू गेलीस. त्यानंतर त्या घाटातून मी कितीदा तरी गेले. गाडी वळणावर हळू होते, कधी थांबतेही. मी उतरत नाही. तुझा निरोप अजून माझ्याकडेच आहे, आई. तो दिला, तर वर तुझी वाट बघणारं कोणी उरणार नाही.