मूळ प्रतीतली आत्या

अमरावती, ६ फेब्रुवारी १९८८

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

दादाच्या लग्नपत्रिकेची तुम्ही पाठवलेली नक्कल मिळाली. कच्चं लिहून मग सुबक नक्कल पाठवायची तुमची सवय, त्यामुळे अक्षर सुरेखच, पण बाबा, निमंत्रकांत आत्याचं नाव नाही! आई गेल्यावर तिनंच आम्हा दोघांना वाढवलं. मी लाल शाईनं ‘मनकर्णाबाई’ असं सर्वांत वर लिहून नक्कल परत पाठवते आहे.

इकडे कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलमध्ये माझं घोडं अडलंय. सी भाषेत दोन आकड्यांची अदलाबदल करणारं फंक्शन लिहिलं. आत अदलाबदल होते, बाहेर येऊन पाहावं तर आकडे जागच्या जागी. मैत्रिणी हसतात.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची रुख्मिणी

मोताळा, ११ फेब्रुवारी

चि. रुख्मिणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी दुरुस्ती वाचून मान खाली गेली. ती नक्कल नीट कागदांच्या तारेला लावून ठेवली. पण काल बुलढाण्याच्या छापखान्यातून तपासायचं प्रूफ आलं, त्यात आत्या नाहीच! मूळ प्रत मी आधीच त्यांना दिली होती. तिच्यावर तुझी लाल शाई कुठून येणार? अठ्ठावीस वर्षं मास्तरकी केली आणि ही अक्कल.

आत्या म्हणाली की नावाले काय करतं, मले कोठं वाचता येते. मग पाठ फिरवून दळण निवडत बसली. छपाई शनिवारी, वीस तारखेला आहे. प्रूफची सुबक नक्कल करून तुला पाठवू का?

प्रकृतीस जप, आम्हाला विसरू नकोस.
उत्तमराव

अमरावती, १५ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

नक्कल पाठवू नका, हात जोडते! तुमचं पत्र वाचून मी मेसमध्ये ओरडलेच. तुमची चूक तीच माझी चूक. फंक्शनला आकडा दिला की ते त्याची नक्कल घेतं आणि नकलेवरच दुरुस्ती करतं. मूळ आकड्याला खबरही नसते. आता आकड्याऐवजी तो जिथे ठेवलाय तिथला पत्ता दिला. फंक्शन थेट तिथे गेलं आणि जागेवर बदल करून आलं. असा पत्ता सांभाळणाऱ्याला पॉइंटर म्हणतात.

तुम्हीही एसटी पकडून छापखान्यात जा आणि अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून आत्याचं नाव घाला. तिला रुसू देऊ नका.

तुमच्या लाडाची रुख्मिणी

मोताळा, २४ फेब्रुवारी

चि. रुख्मिणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सांगितलंस तसा छापखान्यात जाऊन उभा राहिलो, आणि पत्रिका आल्या. पहिली गणपतीपुढे ठेवली, दुसरी आत्यानं ओढून घेतली. नाव कुठं आहे ते विचारून तिथे बोट ठेवलं, ते उचलेचना. आता दारात येईल त्याला तिथेच बोट ठेवून सांगते की हे मीच हाय, वाच बरं. काल पोस्टमनला दोनदा वाचायला लावलं.

हे पत्र आयुष्यात प्रथमच नक्कल न काढता पाठवतो आहे. खाडाखोड आहे, दोन शब्द ओले होऊन पसरलेत. मूळ प्रत आहे, जपून ठेव.

तुझाच,
बाबा