पाली गाडीची डबल बेल

रत्नागिरी,
रविवार, ९ फेब्रुवारी १९८६

आदरणीय सखाराममामा यांस राहीचा सविनय जयभीम.

तुमचं पत्र पोचलं. मामींच्या गुडघ्याबद्दल त्यात काहीच नव्हतं, म्हणून विचारते. आई ठीक आहे. आप्पांचा खोकला पहाटे साडेपाच ते सहा एवढाच असतो. माझी तब्येत चांगली आहे. नोकरीची तब्येत खाली लिहिते.

तुम्ही ऑफिसात आहात त्या कला महाविद्यालयातले कलावंत, ज्यांच्या हाती ‘होतकरू माणूस आहे, मदत कर’ अशी चिठ्ठी तुम्ही दिली होती, ते सोमवारी आले. दाढी आहे, सामानात आठ स्पीकर आणि एक शर्ट. एसटी स्टँडवरच्या भोंग्यांची देखभाल मी करते, पण अजून तात्पुरती; एक मार्चपासून कायम करायचं साहेबांच्या मनात होतं (होतं, असंच लिहिते). कलावंतांना स्टँडवर ‘ध्वनिशिल्प’ करायचं होतं. म्हणजे बाकांखाली स्पीकर लपवायचे, टेपवर समुद्र, पक्षी वगैरे लावायचे आणि प्रवाशांनी थबकून ऐकायचं. साहेबांनी आठ दिवसांची परवानगी दिली, वायरिंग माझ्याकडे दिलं. मी ते चोख केलं. एकही जोड उघडा नव्हता, हे नंतरच्या चौकशीतही कुणी नाकारलेलं नाही.

पहिल्या दिवशी समुद्र लावला. आमच्या लोकांना समुद्र बाकाखाली असतो हे माहीत नसल्यामुळे त्यांनी नळ उघडा राहिल्याची तक्रार केली. शिपाई तीनदा जाऊन बंद नळ बंद करून आला. दुसऱ्या दिवशी पक्षी. मंडणगडच्या एका म्हातारीने स्वतःची टोपली उघडून कोंबडी मोजली. (एकच होती. तरी मोजली.) कलावंत हे सगळं वहीत लिहून घेत होते आणि खूश होते. मला त्यात खूश होण्यासारखं काही दिसलं नाही, पण आवाज स्वच्छ येत होता.

गुरुवारी सकाळी पाली गाडी तीन नंबरला उभी होती. माणसं बसली होती. ड्रायव्हर बाबल्या इंजिन सुरू करून बसला होता, आणि कंडक्टर केरूमास्तर कँटीनमध्ये चहा बशीत ओतत होते. तुम्हाला माहीत आहेच, ड्रायव्हर मागे वळून बघत नाही. दोरी ओढली, एक घंटा झाली की थांबायचं, दोन झाल्या की निघायचं. बाबल्याची यात बावीस वर्षं गेली. त्याच्या खिडकीपासून दोन हातांवरच्या स्पीकरमधून दोन घंटा वाजल्या. (टेपवर घंटा होती.) आवाज कुठून आला ते कानाला कळतं, बावीस वर्षांच्या सवयीला कळत नाही. गाडी निघाली.

केरूमास्तर बशी हातात घेऊन धावले. ‘आरं, माझी गाडी! मी हितं हाय, मेल्या!’ चहा सांडला नाही, हे मी स्वतः पाहिलं. गाडी मात्र गेली. पुढे पहिल्या थांब्यावर कुणी उतरायला उठलं, पण घंटा नाही, म्हणून बाबल्या थांबला नाही. प्रवासी ओरडले तर त्याला वाटलं, नेहमीसारखी जागेवरून भांडणं चालली आहेत. शेवटी पालीच्या यमुनाबाई उठल्या आणि त्यांनी दोरी ओढली. गाडी थांबली. माणूस उतरला. त्यांनी दोनदा ओढली, गाडी निघाली. अशी त्यांनी ती पालीपर्यंत नेली आणि ती वेळेआधी सात मिनिटं पोचली. तिथल्या कंट्रोलरने विचारलं, तर म्हणाल्या, ‘दोरी हाय नि हात हाय, आनी काय लागतंय? तुजा मास्तर नुसता भांडाय लागतो.’

शुक्रवारी साहेबांनी मला मेमो दिला. टेपवर घंटा कुणी घातली याचा लेखी खुलासा करायचा होता. पण त्याआधीच कलावंतांनी ‘घंटा माझीच, या बाईंचा संबंध नाही’ असं लिहून सही करून दिलं, स्पीकर काढले आणि संध्याकाळच्या गाडीने परत तुमच्या मुंबईला गेले. साहेबांनी मेमो फाडला. तेव्हा काळजी नसावी.

मामींना जयभीम, लहानांना आशीर्वाद.

तुमची भाची,
राही

ता. क. : घंटा मी घातली होती. टेपवर अकरा सेकंद रिकामे राहिले होते, मला रिकामी टेप बघवत नाही. पाली गाडीतच माइक धरून ती घेतली. कलावंतांना ती पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा गाडी निघालेली होती.

आणखी ता. क. : म्हणून काल साहेबांना खरा खुलासा लिहून दिला. बुधवारी निकाल आहे. नोकरी गेली तर चार दिवस तुमच्याकडे येईन, स्वयंपाकघरातली चटई पुरेल. आईला तुम्हीच कळवा. कलावंतांना मात्र माझ्या खुलाशाचं आधी सांगू नका, ते मीच सांगेन.

शेवटचं : नोकरी राहिली तरी येईन. रजा शिल्लक आहे.